रिंगताईचा नंबर लाल झाला

रिंगताईच्या उजव्या अंगठ्याला घड्याळाची गरज नव्हती. फोन लावायचा, कानाला न लावता छातीसमोर धरायचा, पलीकडे एकदा वाजू द्यायचा आणि दुसऱ्यांदा वाजायच्या आत कट. अठरा वर्षांत तो अंगठा एकदाही चुकला नव्हता. एक रिंग म्हणजे मशीन तयार, घेऊन जा. असं लागोपाठ दोनदा केलं की दोन रिंगा, म्हणजे सहा महिने झाले, सफाईला या. तीन रिंगा म्हणजे भानगड आहे, येऊन भेटा. खिशात फोन तीनदा थरथरला की भलेभले हातातलं काम टाकून जिना चढायचे.

दुकान कानाच्या मशीनच्या दुरुस्तीचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना असा की वर पोचलेला माणूस आधी दोन मिनिटं नुसता धापा टाकायचा. आत एक काउंटर, काउंटरखाली छोट्या छोट्या कप्प्यांचा ड्रॉवर आणि खिडकीपाशी दिव्याखाली बसलेला तिचा मोठा भाऊ. दुरुस्ती तो करायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे. डोळ्याला भिंग, हातात काडीएवढा स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडात दिवसभर एकच शब्द, "हं." प्रश्नालाही हं, उत्तरालाही हं. खाली आग लागली म्हणून सांगितलं असतं तरी आधी हं. त्याच्या वाटणीचं बोलणंसुद्धा रिंगताईच बोलून टाकायची.

रिंगेची पद्धत तिने काही हौसेखातर काढलेली नव्हती. दुकान नवीन होतं तेव्हा तीही चारचौघींसारखा फोन करायची. एकदा एका निवृत्त मास्तरांना लावला.

"मास्तर, तुमचं मशीन तयार आहे."

"हॅलो?"

"मास्तर, मशीन तयार!"

"हॅलोऽऽ! अहो बोला की! फोन लावायचा आणि मुकाट बसायचं, ही काय रीत झाली? शिस्त नाही कोणाला!" खाडकन बंद.

मास्तरांचं मशीन ड्रॉवरमध्ये. ते ड्रॉवरमध्ये आहे हे मास्तरांना सांगायचं, तर ते मास्तरांच्या कानात पाहिजे. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून रिंगेचा कायदा लागू केला. फोन खिशात थरथरतो, ते कळायला कान लागत नाहीत. दारावर पाटी आली : 'रिंग आल्याशिवाय येऊ नये.' तेव्हापासून जिन्यात गर्दी नाही, फेऱ्या नाहीत. रिंग गेली की तासाभरात खालूनच आरोळी यायची, "ताईऽऽ, रिंऽऽग आली!" कमी ऐकणाऱ्याचा आवाज नेहमी दोन मजले जास्तच चढलेला असतो. अख्ख्या इमारतीला कळायचं, पण कोण ते कळायचं नाही, कारण दुसरा कायदा नावांचा होता.

वहीत नाव लिहायचं नाही. माणूस चष्मा मिरवतो, पण कानाचं मशीन सख्ख्या भावापासूनही लपवतो. म्हणून तिच्या वहीत फक्त धंदा आणि कान. 'नर्स – दोन्ही.' 'बेकरी – उजवा.' 'वकील – दोन्ही, कबूल करत नाही.' पुढे फोन नंबर. पत्ता नाही, गाव नाही, काही नाही. "इथलं इथेच राहतं," असं ती छाती पुढे काढून सांगायची. आणि राहायचंही.

गेले तीन आठवडे मात्र ड्रॉवर रिकामा होईना. तयार डब्यांवर डब्या साठत चाललेल्या. रिंगा जात होत्या, माणसं येत नव्हती. रिंगताईने ठरवूनच टाकलं, "लोकांना कानाची किंमतच राहिली नाही."

मग सोमवारी नर्सबाई आली. तिला मशीन नसलं तरी समोरच्याचे ओठ वाचता यायचे, त्यामुळे तिच्याशी भांडणं शक्य होतं.

"काय हो ताई, दहा दिवस झाले. माझी रिंग कुठे अडली?"

"तीनदा दिली मी!"

"नाही आली."

"दिली!"

"नाऽऽही आली!"

नर्सबाईने फोन काढला, बोटाने वरखाली केला आणि काउंटरवर आपटला. दुकानाचा नंबर. तोच, अठरा वर्षांचा, पाटीवर रंगवलेला. लाल पट्टीत. खाली लिहिलेलं : 'संशयित स्पॅम. ४१२ जणांनी तक्रार केली आहे. कॉल आपोआप रोखला.'

"स्पॅम म्हणजे?" रिंगताईने विचारलं.

"फसवणारे. तुम्हाला लॉटरी लागली म्हणतात ना, ते."

"म्हणजे मी?"

"तुम्ही नाही हो. तुमचा नंबर."

"नंबर कोणाचा आहे?"

"तुमचा."

"मग?"

खिडकीपाशून दादा म्हणाला, "हं."

रिंगताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारशे बारा! अठरा वर्षांत कोणाला एक शब्द वाकडा बोलली नव्हती. वाकडा कसला, मास्तरांनंतर त्या फोनवर एक शब्दच बोलली नव्हती. तिने ड्रॉवर उघडून नर्सबाईची डबी तिला दिली आणि बाकीच्या मोजल्या. बावीस तयार. बावीस माणसं कुठे कुठे बहिरी बसलेली, ताईची रिंग का येत नाही म्हणून. आणि तेविसावी दादाच्या दिव्याखाली उघडी पडलेली. तिच्यावर चिकटवलेला कागद : 'वॉचमन – डावा.'

तो कागद तिने दोनदा वाचला.

वॉचमन शनिवारी आला होता. उंच, सडपातळ, निळा शर्ट, बाहीवर घुबडाचं चित्र. उजवा कान त्याचा कधीच गेलेला, सगळी मदार डाव्यावर, आणि डाव्यातलं मशीन घामाने बंद पडलेलं. त्याने सावकाश, शब्द मोजून सांगितलं, "ताई, शुक्रवारी अकराला एजन्सीच्या डॉक्टरपुढे कानाची परीक्षा आहे. मशीन लावून चालतं, तसं कागदावरच आहे. पण मशीन नसेल तर नापास. नापास म्हणजे नोकरी संपली. छप्पन्नाव्या वर्षी मला दुसऱ्या कुठल्या गेटवर उभं करणार?"

तिने कागदावर लिहून दाखवलं, 'बुधवारपर्यंत होईल.'

"मग बुधवारी येऊ?"

तेव्हा तिने काय करावं? बोट वर करून, अगदी ऐटीत, दारावरची पाटी दाखवली. वॉचमनने ती वाचली आणि चक्क सलाम ठोकला. "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. रिंग आली की येतो. नाही आली तर समजेन, मशीन झालं नाही." जाता जाता दारातून वळला. "आमच्यात कोणाला ठाऊक नाही हं ताई. बहिरा वॉचमन म्हटलं, की चोरांच्या आधी आपलेच लोक हसतात."

असा माणूस. मरायचा, पण रिंग आल्याशिवाय यायचा नाही.

मशीन मंगळवारी दुपारीच झालं. तिने रिंग दिली. मग आणखी एक. मग अंगठा हट्टाला पेटला. संध्याकाळपर्यंत चौदा रिंगा गेल्या आणि चौदाही भिंतीवर चेंडू आपटावा तशा परत आल्या. मग तिने फोनच्या कंपनीला फोन लावला.

आधी बाई बोलली, साखरेत घोळलेली. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." मग पिपाणीसारखं संगीत. पुन्हा बाई, पुन्हा महत्त्व, पुन्हा पिपाणी. वीस मिनिटांनी एक मुलगा आला. बोलणं असं, जणू समोर कागद धरलाय आणि ओळ चुकली तर पगार कापतील.

"नमस्कार, मी आपली काय सहाय्यता करू शकतो?"

"माझा नंबर लाल झालाय. तो पूर्वीसारखा करा."

"आपल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"दिलगीर नंतर व्हा. आधी लाल काढा."

"मॅडम, लाल आम्ही लावत नाही. ते नंबर ओळखणारं ॲप लावतं."

"मग ॲपचा नंबर द्या."

"ॲपला नंबर नसतो मॅडम."

"जगातल्या सगळ्यांचे नंबर ज्याच्याकडे, त्याला स्वतःला नंबर नाही?"

कागदावर याचं उत्तर नसावं. मुलाने पुन्हा वरचीच ओळ वाचली, "आपल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तक्रार नोंदवली आहे. आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील."

बुधवारी ती तळमजल्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली. हा माणूस झेरॉक्स काढायचा, लोकांचे अर्जही टाइप करून द्यायचा, आणि अर्ज लिहून लिहून त्याचं बोलणंच अर्जासारखं झालं होतं. "बसावे. आपले काम त्वरित करण्यात येईल," म्हणत त्याने ॲपचा फॉर्म उघडला.

"पहिला प्रश्न. आपण दिवसाला किती कॉल करता?"

"साठ."

"सरासरी कॉल किती वेळ चालतो?"

रिंगताई ताठ झाली. "तीन सेकंद. लिही. आम्ही लोकांचा वेळ खात नाही."

"आपले कॉल किती लोक उचलतात?"

"एकही नाही. लिही ठळक, अठरा वर्षांत एकानेही उचललेला नाही."

झेरॉक्सवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. "हे असंच लिहावे काय?"

"खरं आहे ते लिहायला भीती कोणाची?"

त्याने लिहिलं, पाठवलं. मिनिटही लागलं नाही. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.' झेरॉक्सवाल्याने आपल्याच धंद्यातली ही भाषा वाचून आदराने मान डोलावली.

"तुझ्या फोनवरून या नंबरावर मेसेज पाठव," ती वॉचमनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे करत म्हणाली. "तुझा तर लाल नाही ना? मी सांगते तसं लिही."

पण सांगितलं तसं लिहील तो झेरॉक्सवाला कसला. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा मेसेज सुटलाही होता : 'प्रिय ग्राहक, आपले यंत्र तयार असून ते त्वरित घेऊन जावे. विलंब झाल्यास नुकसान संभवते. अधिक माहितीसाठी खालील क्रमांकावर संपर्क साधावा.' आणि खाली दुकानाचा नंबर. लालवाला.

उत्तर लगेच आलं.

'माझं कसलंही यंत्र बिंत्र नाही. पुन्हा मेसेज केलास तर पोलिसात देईन. वॉचमन आहे मी. तुझ्यासारखे छप्पन रोज गेटवरून परत पाठवतो.'

रिंगताईला हसावं की रडावं कळेना. माणूस नोकरीला किती पक्का! तिने फोन हिसकावून घेतला आणि घाईघाईत टाइप केलं, 'अहो भाऊ, मी ताई, कानाच्या दुकानातली'. मेसेज जाईचना. त्याने नंबर ब्लॉक करून टाकलेला.

"आता माझाही क्रमांक गेला!" झेरॉक्सवाला कळवळला. तेवढ्यापुरता तो माणसासारखं बोलला. "अहो ताई, माझ्या पोटावर का पाय देता?"

गुरुवारी सकाळी तिचाच फोन वाजला. वरती लाल पट्टी. 'संशयित स्पॅम.' "तुम्हीच तर खरे लबाड," म्हणत तिने कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा तर दात ओठ खात कट. मग मेसेज आला, 'आपल्या तक्रारीसंदर्भात आम्ही तीन वेळा संपर्काचा प्रयत्न केला. शेवटचा प्रयत्न बारा वाजता. त्यानंतर तक्रार बंद करण्यात येईल.'

ती काउंटरवर फोन ठेवून त्याच्याकडे बघत बसली. बाराला लाल उजळलं आणि वाजायच्या आधीच तिने उचललं.

या वेळी मुलगी होती. कंटाळलेली, काहीतरी चघळणारी. "मॅडम, तुम्ही आमचा फोन तीनदा कट केलात."

"तुमचा नंबर लाल आहे!"

मग जरा हळू आवाजात, "हो मॅडम. त्याची आम्हीपण तक्रार केलीये."

रिंगताईला पहिल्यांदाच त्या कंपनीत कोणीतरी आपल्यातलं सापडलं.

मुलगी पुढे वाचू लागली. "तुमचे कॉल बघतेय मी. दिवसाला साठ. सगळे तीन सेकंदांचे. एकही उचललेला नाही. आणि यातले बरेच नंबर आता भलत्यांकडे गेलेत. जुनी माणसं नंबर सोडतात ना, ते दुसऱ्यांना मिळतात. तक्रारी त्यांच्या आहेत. एकाने लिहिलंय, 'दर सहा महिन्यांनी दोन रिंगा येतात आणि बंद होतात. घरातले सगळे घाबरलेत.'"

"ते सफाईचं!" रिंगताई उसळली. "दोन रिंगा म्हणजे सफाई!"

चघळणं थांबलं. "कोणाची मॅडम?"

मग रिंगताईने सगळं सांगितलं. मशीन, ड्रॉवर, मास्तर, एक रिंग, दोन रिंगा, अंगठा. मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, अगदी खरं सांगू? एवढं मोजून-मापून, दर वेळी तीनच सेकंद... आमच्या सिस्टमला वाटतं, हे माणूस करूच शकत नाही. हे फसवणाऱ्यांचं मशीनच असणार."

रिंगताईने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं न चुकण्याचा तोरा मिरवला त्याने, आणि तेच त्याच्यावर शेकलं. चार चुका केल्या असत्या तर माणसात तरी जमा झाला असता.

"मग आता काय करू?"

"रिंग देऊन कट करणं बंद. सारखं सारखं लावणंही बंद, त्याने आणखी लाल होतं. समोरच्याला उचलू द्या, मिनिट-दोन मिनिटं बोला. वहीतले मेलेले नंबर काढा. ग्राहकांना तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा, 'स्पॅम नाही' दाबायला सांगा. दुकानाचे कागद पाठवा, आम्ही नंबरवर दुकानाचं नाव चढवतो. पंधरा दिवसांत फरक दिसेल."

"पंधरा दिवस? मला उद्या अकराच्या आत हवंय!"

"पंधरा दिवस मॅडम."

"आणि बोलू काय? त्यांना ऐकू येत नाही हो!"

"मग फोन का करता मॅडम?" मुलीने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. रिंगताईने फोन ठेवला, ड्रॉवरमधून वॉचमनची डबी काढली आणि पर्समध्ये टाकली.

खिडकीपाशी दादाने भिंग वर केलं. "जा. मी बसतो." तीन शब्द. वर्षाचा कोटा संपला त्याचा.

पण जायचं कुठे? नाव नाही, पत्ता नाही. इथलं इथेच ठेवून ठेवून तिने अशी पक्की व्यवस्था केली होती की आता ती स्वतःच बाहेर अडकली होती. आठवत होतं ते फक्त बाहीवरचं घुबड. झेरॉक्सवाल्याला विचारलं, तर तो अजून फुरंगटलेला. तरी धंद्याला जागला. "घुबडवाली एजन्सी? ओळखपत्रे येथूनच होतात. मोठ्या गोदामामागील मैदानात संध्याकाळी पाच वाजता पाळीची हजेरी असते. माझे नाव सांगू नये."

पाचला ती मैदानाच्या कुंपणाशी उभी होती. आत वॉचमनच वॉचमन! निळा शर्ट, निळी टोपी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फाटकावर सुपरवायझर होता. छाती वाजवीपेक्षा दोन इंच पुढे, आवाज पोटातून काढलेला.

"काय काम आहे बाई?"

"एक वॉचमन पाहिजे."

"इथे सगळे वॉचमनच आहेत! नाव?"

"नाव माहीत नाही."

"नाव माहीत नाही! दिसायला कसा?"

"उंच. निळा शर्ट."

सुपरवायझरने मागे वळून चाळीस निळे शर्ट पाहिले आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "काही खूण?"

खूण होती की. खूण पर्समध्येच होती. एक वाक्य बोलायचा अवकाश, 'ज्याला ऐकू येत नाही तो', आणि सुपरवायझरने पोटातून आवाज काढून मैदानभर ते पुकारलं असतं. उद्या परीक्षेत पास होऊनही त्या माणसाला निवृत्तीपर्यंत हसणं पुरलं असतं. तिने ओठ घट्ट मिटले. "खूण नाही."

"मग लांब उभं राहा. हजेरी चाललीये."

रिंगताई लांब उभी राहून जीव तोडून कान बघत होती. चेहऱ्यांपेक्षा तिला कानच जास्त ओळखीचे. पण कुंपण मध्ये, टोप्या मध्ये, ऊन डोळ्यांवर. हजेरीत नावामागून नाव गेलं, प्रत्येकाने "हजर" म्हटलं. सगळ्यांनी! तिने मनात शिव्या मोजल्या, आधी ॲपला, मग कंपनीला, मग स्वतःच्या पाटीला. त्या लबाडाने नक्की शेजाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवून बरोबर वेळेला "हजर" मारलं असणार. त्याचा तो हातखंडा आणि हिचा घात.

हजेरी मोडली. रांगा विस्कटल्या, कोणी सायकलीकडे, कोणी नळाकडे. दोन मिनिटांत मैदान रिकामं झालं असतं. रिंगताईने कुंपणाचे दोन गज धरले आणि तिसऱ्या मजल्यावरून ऐकलेल्या सगळ्या आरोळ्यांचं व्याज काढत बोंब ठोकली,

"ओऽऽ वॉऽऽचमन!"

चाळीसच्या चाळीस माना गर्रकन वळल्या. धंद्याची सवयच तशी. सायकलीवर टांग टाकलेला तसाच एका पायावर थांबला, सुपरवायझरसुद्धा वळला, तोही कधीकाळी वॉचमनच असणार.

एक वळला नाही.

नळापाशी, पाठमोरा, उंच. शांतपणे बाटली भरत होता.

रिंगताई फाटकातून आत घुसली. "अहो बाई! बाई!" मागून सुपरवायझर. ती सरळ नळापाशी जाऊन वॉचमनच्या समोर उभी राहिली. त्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ताई इथे, सगळ्यांसमोर! तिने कागदात गुंडाळलेली डबी त्याच्या हातात कोंबली आणि बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमचं औषध माझ्याकडेच राहिलं होतं. घ्या!"

"औषध होय," कोणीतरी म्हणालं. माना परत आपापल्या जागी गेल्या.

वॉचमनने भिंतीकडे तोंड केलं, टोपी सारखी केल्यासारखं केलं. कानात मशीन बसताना बारीकशी शीळ वाजते, ती वाजली. तो वळला. रिंगताई तोवर फणफणायला लागली होती, पण सगळं कुजबुजत, कारण दहा पावलांवर सुपरवायझर. "रिंग नाही आली म्हणून नुसते बसून राहता होय? मंगळवारपासून अंगठा झिजवला मी! एजन्सीला तुम्ही सापडत नाही, ॲपला नंबर नाही, तुम्ही पोलिसात देता..."

"ताई," तो हळूच म्हणाला, "एवढं बारीक बोलताय, तरी सगळं ऐकू येतंय."

ती थांबली. मग आठवून त्याच्यावर पुन्हा भडकली. "पोलिसात देतो म्हणालात!"

"ते तुम्ही होतात?" त्याने जीभ चावली. "प्रिय ग्राहक म्हणालात ना. तुम्ही तर मला कधी प्रिय म्हणाला नाहीत."

त्याने फोन उघडला. लाल यादी खालपर्यंत गेलेली, सगळी ताईची. तिने उभ्या उभ्या त्याच्याकडून 'स्पॅम नाही' दाबून घेतलं, नंबर सेव्ह करून घेतला आणि तीनतीनदा बजावलं : आता रिंग देऊन कट करायचं नाही. कोणीच नाही. उचलायचं आणि बोलायचं.

शुक्रवारी साडेदहापासून ती काउंटरशी बसली. वहीतले मेलेले नंबर खोडायला घेतले होते, पण अकराला पेन थांबलं ते थांबलंच. पावणेबाराला फोन वाजला. पडद्यावर 'वॉचमन – डावा.' तिने हात पुढे केला.

एक रिंग. कट.

दादाने भिंग वर केलं. "हं?"

एक रिंग म्हणजे तयार. झालं. पास. तिच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरता उतरता पायावर पडला. तिने लगेच उलट फोन लावला. त्याने उचलला.

"पास झालो ताई!"

"ते कळलं! पण काल एवढं घसा फोडून सांगितलं, कट करायचं नाही म्हणून! आता तुमचा नंबर लाल करून घ्यायचाय का? बोला!"

"बोललो की. पास झालो."

"दोन मिनिटं बोलावं लागतं! अजून अर्धं मिनिटही झालेलं नाही!"

"काय बोलू?"

त्या फोनवर बोलायची रिंगताईलाही सवय नव्हती. ड्रॉवरमध्ये बावीस डब्या होत्या. बावीस जणांना आता असाच फोन लावायचा होता. त्यांनी तो उचलला, तरी काही न ऐकता दोन मिनिटं धरून ठेवावा लागणार होता. आणि ते आधी त्यांना सांगायचं कसं, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. "काहीही बोला," ती वैतागून म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाला ते सांगा."

"डॉक्टर मागे उभा राहून एकेक शब्द बोलत होता, मी परत म्हणून दाखवायचा."

"मग तेच म्हणा."

वॉचमनने घसा साफ केला. "टेबल," तो म्हणाला. "खिडकी. पाणी. कुलूप. हे कुलूप फार हळू बोलला हो तो. पण आलं. रस्ता. शाळा. चमचा..."

रिंगताई पडद्यावरचे सेकंद बघत होती. एक मिनिट बारा. एक मिनिट तेरा. अंगठा सवयीने लाल बटणाकडे सरकला. तिने तो डाव्या हाताने धरून ठेवला.

"दिवा," वॉचमन म्हणत होता. "गाडी. उशी."